जुन्या मालवाहू गाडीचे वंगण : निगा आणि काटकसर



सेलू तालुक्यातील जुन्या पिढीला बंडीच्या आसाला ओंगण देण्याचे काम चांगले आठवत असेल. लांबच्या फेरीला निघण्यापूर्वी आसात ओंगण आहे किंवा नाही, हे पाहिल्याशिवाय शेतकरी बैल जुंपीत नसे. ओंगण आटले की चाक करकरू लागे, आस झिजे आणि त्या झिजेचा भार अखेर बैलाच्या खांद्यावर पडे. आता कापूस, सोयाबीन, संत्री आणि भाजीपाला बाजारापर्यंत नेण्याचे काम बहुतांशी मालवाहू पिकअप गाड्या करतात. ओंगणाची गरज मात्र संपलेली नाही. ते इंजिनाच्या पोटात गेले आणि डोळ्यांआड झाले, एवढाच फरक. बंडी करकरून तक्रार करीत असे. इंजिन बहुधा निमूटपणे झिजत राहते आणि एके दिवशी रस्त्यातच थांबते.

गावोगावी धावणाऱ्या या गाड्यांपैकी अनेक जुन्या आहेत. दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हाती आलेली गाडी हीच कित्येक कुटुंबांची मुख्य मिळकत असते. ऐन हंगामात असे इंजिन जाम झाले, तर दुरुस्तीचा खर्च, बुडालेले भाडे आणि कर्जाचा थकलेला हप्ता अशी तिहेरी आपत्ती ओढवते. पट्टीवरील तेल पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. या पाच मिनिटांचे मोल सर्वांच्या ध्यानी यावे, हा या भाषणाचा हेतू होय.

तेल नेमके काय करते?

इंजिनातील तेलाची कामे अनेक आहेत. पहिले काम घर्षण कमी करण्याचे. क्रँकशाफ्ट आणि तिची बेअरिंगे यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो. धातूला धातू लागू न देता तो सारा भार पेलतो. दुसरे काम उष्णता वाहून नेण्याचे. पिस्टनच्या खालच्या बाजूस व बेअरिंगांपाशी रेडिएटरचे पाणी पोहोचत नाही; तेथील उष्णता तेलच बाहेर आणते. तिसरे काम स्वच्छतेचे. जळणातून निर्माण होणारी काजळी व धातूचा सूक्ष्म कीस हे तेल आपल्यात धरून ठेवते आणि फिल्टरपर्यंत पोहोचविते. याखेरीज पिस्टनच्या रिंगांपाशी फट बुजविणे आणि गंजापासून संरक्षण करणे, हीही कामे तेच करते.

यावरून एक सर्वसाधारण गैरसमज दूर व्हावा. डिझेल इंजिनातील तेल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते. तेल आपले काम करीत आहे, काजळी धरून ठेवीत आहे, असाच त्याचा अर्थ असतो. केवळ रंग काळा झाला म्हणून तेल निकामी ठरत नाही. त्याचप्रमाणे रंग बरा दिसतो म्हणून ते चांगले आहे, असेही समजू नये. तेलात मिसळलेली रासायनिक द्रव्ये हळूहळू खर्च होतात आणि ही घट डोळ्यांना दिसत नाही. म्हणून किलोमीटरची व महिन्यांची नोंद ठेवणे अगत्याचे आहे.

तपासणीची रीत

सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वीची वेळ तपासणीस उत्तम. गाडी सपाट जागेवर उभी असावी. उतारावर किंवा एका बाजूस कललेल्या गाडीची पट्टी खरे सांगत नाही. इंजिन नुकतेच बंद केले असल्यास पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वर चढलेले तेल खाली चेंबरमध्ये उतरते. पट्टी काढून स्वच्छ कपड्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मग बाहेर काढून पाहावी. पट्टीवर खालची व वरची अशा दोन खुणा असतात. तेल या दोहोंच्या मध्ये, शक्यतो वरच्या खुणेच्या जवळ असावे.

पातळी कमी असल्यास त्याच प्रकारचे तेल थोडे थोडे टाकावे आणि दर वेळी पट्टी पाहावी. ‘जास्त असलेले बरे’ हा विचार येथे घातक ठरतो. वरच्या खुणेपेक्षा तेल फार वाढले, तर फिरती क्रँकशाफ्ट ते घुसळते आणि त्यास फेस येतो. फेसाळलेले तेल भार पेलू शकत नाही आणि ऑईल सीलमधून गळतीही सुरू होते.

तेल तपासताना बोटांनी आणि नाकानेही काम घ्यावे. तेल दुधाळ किंवा ताकासारखे दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे, असे समजावे. हेड गॅस्केट किंवा ऑईल कूलर तपासून घ्यावा व तोवर गाडी चालवू नये. पातळी आपोआप वाढत असेल आणि तेलास डिझेलचा वास येत असेल, तर जळण तेलात मिसळत आहे. दोन बोटांत तेल खरखरीत लागले किंवा त्यात चकाकणारे कण दिसले, तर आतील धातू झिजत आहे. ही तिन्ही लक्षणे मिस्त्रीस दाखविण्याची आहेत. नुसते तेल बदलून ती जात नाहीत.

चालकासमोरील लाल दिव्याविषयीही स्पष्टता हवी. तो दिवा तेलाचा दाब सांगतो, पातळी नव्हे. तो पेटेपर्यंत तेल धोक्याच्या खाली गेलेले असू शकते. चालू गाडीत हा दिवा लागल्यास ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ असे म्हणू नये. गाडी रस्त्याच्या कडेस घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. दाबाविना चाललेली काही मिनिटेही बेअरिंगांचा नाश करण्यास पुरेशी होतात.

तेल केव्हा व कोणते

तेल बदलण्याचे अंतर गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. जुन्या डिझेल इंजिनांसाठी पाच हजार किलोमीटरच्या आसपासचे अंतर पुष्कळ ठिकाणी पाळले जाते. परंतु ही अंतरे साधारण परिस्थिती गृहीत धरून ठरविलेली असतात आणि सेलू परिसरातील परिस्थिती साधारण नाही. वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते. पांदण रस्त्यांवर धूळ असते, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल असतो. गाडी भरलेली असते, फेऱ्या जवळच्या असतात आणि वजनकाट्यावर किंवा बाजाराच्या दाराशी इंजिन तासन् तास चालू ठेवले जाते. तेवढा वेळ इंजिनाची झीज होते, परंतु किलोमीटरचा काटा हलत नाही. अशा गाडीचे तेल पुस्तिकेतील अंतरापूर्वी बदलणे हिताचे. गाडी कमी चालत असली, तरी पुस्तिकेत दिलेली महिन्यांची मुदत ओलांडू नये.

तेलाच्या डब्यावरील ‘१५ डब्ल्यू ४०’ यासारख्या आकड्यांचा अर्थ समजून घ्यावा. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे निदर्शक आहे. त्यापूर्वीचा आकडा थंडीतील प्रवाहीपणा दाखवितो, तर नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातील दाटपणा. डब्यावर प्रतीचा संकेतही असतो. त्यातील ‘सी’ने आरंभ होणारे संकेत, उदाहरणार्थ सीएच-४ किंवा सीआय-४, डिझेल इंजिनांसाठी असतात, ‘एस’ने आरंभ होणारे पेट्रोलसाठी. पुस्तिकेत सांगितलेला दाटपणा व प्रत पाहूनच खरेदी करावी. सुटे तेल घेऊ नये. रिकामा डबा टाकण्यापूर्वी त्यास भोक पाडावे, म्हणजे त्यात बनावट तेल भरून कोणी विकू शकणार नाही.

बदलण्याची रीत

इंजिन थोडे गरम असताना तेल पातळ होऊन गाळासह वाहून जाते. मात्र हात भाजेल इतके ते तापलेले नसावे. गाडी केवळ जॅकवर उचलून तिच्याखाली कोणीही शिरू नये. खड्ड्याची सोय असलेले गॅरेज वापरावे, किंवा मजबूत आधार देऊन चाकांना उटी लावाव्यात. चेंबरखाली पुरेसे मोठे घमेले ठेवून खालचा नट काढावा आणि तेल थेंब थेंब होईपर्यंत गळू द्यावे. नटाचा वॉशर दबलेला असल्यास नवा घालावा.

तेलाबरोबर फिल्टरही बदलावा. फिल्टर तुंबला की त्यातील झडप उघडते आणि न गाळलेले तेल तसेच बेअरिंगांकडे जाते. जुना फिल्टर ठेवून नवे तेल ओतणे म्हणजे न धुतलेल्या माठात ताजे पाणी भरणे होय. फिरवून बसविण्याच्या फिल्टरच्या रबरी कड्यास नवे तेल लावावे व तो हातानेच आवळावा. पान्याने आवळल्यास रबर फाटते. जुने कडे इंजिनासच चिकटून राहिलेले नाही, याचीही खात्री करावी. नंतर नवे तेल भरून इंजिन सुरू करावे. लाल दिवा विझल्याचे व कोठे गळती नसल्याचे पाहावे. इंजिन बंद करून काही मिनिटांनी पट्टी पुन्हा तपासावी. शेवटी तारीख, किलोमीटर आणि तेलाची प्रत एका वहीत लिहून ठेवावी. कमी झालेले तेल अधूनमधून भरत राहणे म्हणजे तेल बदलणे नव्हे, हेही या वहीमुळे ध्यानात राहील.

जळक्या तेलाची विल्हेवाट

येथपर्यंतचा विषय मालकाच्या हिताचा होता. यापुढील विषय सर्व गावाच्या हिताचा आहे. काढलेले जळके तेल नाल्यात ओतण्याची किंवा गॅरेजच्या मागे मातीत जिरविण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. या तेलात काजळी, जड धातू आणि आरोग्यास अपायकारक संयुगे असतात. ते पाण्यावर तवंग धरते, मातीत मुरते आणि विहिरीपर्यंत पोहोचू शकते. ज्या परिसराची शेती व पिण्याचे पाणी बोर नदीच्या खोऱ्यावर आणि विहिरींवर अवलंबून आहे, तेथे हा धोका दूरचा नाही. हे तेल चुलीत किंवा भट्टीत जाळल्यास विषारी द्रव्ये हवेत मिसळतात. हातास लागलेले तेल डिझेलने न धुता साबणाने धुवावे आणि शक्यतो हातमोजे वापरावेत.

कायद्याने हे तेल घातक टाकाऊ पदार्थ मानले आहे. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ मध्ये यासंबंधी प्रथम नियम झाले. पुढे २०१६ मध्ये नवे नियम लागू झाले. २०२३ च्या दुरुस्तीने वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी तेलाचे उत्पादक व आयातदार यांच्यावरही टाकली असून ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून अंमलात आली आहे. जळके तेल शुद्ध करून त्यापासून पुन्हा वंगण बनविता येते. त्यासाठी मात्र ते पाणी व डिझेल न मिसळता झाकणबंद डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे पोहोचले पाहिजे.

संस्थांचे कर्तव्य

वर्धा परिसराला ही दृष्टी नवी नाही. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य वर्ध्याच्या मगनवाडीतून चालत असे. त्या संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा यांनी खनिज तेलासारख्या संपणाऱ्या साठ्यावर उभे असलेले अर्थकारण आणि निसर्गाच्या नित्य प्रवाहावर चालणारे अर्थकारण यांतील भेद आग्रहाने मांडला. संपणाऱ्या साठ्यातून आलेली वस्तू वापरावीच लागत असेल, तर ती जपून वापरावी आणि पुन्हा उपयोगात आणावी, हा त्या विचारातून आज घेण्यासारखा बोध आहे.

या कामी ग्रामपंचायती, शाळा आणि कार्यालये यांना पुष्कळ करता येईल. गावातील गॅरेजचालकांशी बोलून जळक्या तेलासाठी एक झाकणबंद पिंप ठेवणे आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने अधिकृत केलेल्या संकलकाशी संपर्क साधणे, हे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील काम आहे. शिक्षकांना विज्ञानाच्या तासाला घर्षणाचा धडा शिकविताना सायकलची साखळी, बंडीचा आस आणि इंजिनाची पट्टी ही तिन्ही उदाहरणे प्रत्यक्ष दाखविता येतील. आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका, नगरपंचायतीची घंटागाडी आणि कार्यालयाची जीप यांच्या लॉगबुकांत तेलतपासणीची नोंद नियमाने व्हावी आणि अधिकाऱ्यांनी ती वाचून मगच स्वाक्षरी करावी. रुग्णवाहिकेचे इंजिन रात्री रस्त्यात बंद पडले, तर त्याची किंमत पैशांत मोजता येत नाही.

मोठे इंजिन एका पातळ थरावर चालते. तो थर राखण्यास मोठे ज्ञान किंवा मोठी रक्कम लागत नाही. स्वच्छ कपडा, वेळेवर घेतलेले योग्य तेल आणि नोंदीची वही एवढी सामग्री पुरेशी आहे. येत्या हंगामात पहिला माल भरण्यापूर्वी तालुक्यातील प्रत्येक वाहनमालकाने पट्टी काढून पाहावी, एवढीच विनंती.