बाकावरचा दीर आणि आपला फोल्डर

जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतून आलेल्या सेवा केंद्रचालक बंधू-भगिनींनो,

अध्यक्षाने सर्व्हर डाऊनवर बोलावं, कमिशनवर बोलावं, अशी तुमची अपेक्षा असणार. ती गाऱ्हाणी रास्त आहेत आणि दुपारचं सत्र त्यांच्यासाठीच ठेवलंय. मला बोलायचंय ते आपल्या कॉम्प्युटरमध्ये साठलेल्या माणसांबद्दल.

भूमचं घ्या, परंड्याचं घ्या, लोहाऱ्याचं घ्या. केंद्र कुठलंही असो, डेस्कटॉपवर गावाच्या नावाचा फोल्डर सापडतोच. आत आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, सहीचा स्कॅन, वंशावळीचं शपथपत्र. अर्ज गेला, पावती दिली, तरी फोल्डर तसाच. कारण पुढच्या वर्षी माणूस परत येणार आणि कागद घरी विसरणार. जे कॉम्प्युटरवर नाही ते मोबाइलच्या गॅलरीत. ‘व्हॉट्सॲपला टाका’ असं आपणच सांगतो, आणि तोच मोबाइल संध्याकाळी पोरांच्या हातात गेम खेळायला जातो.

देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. बारा आकडे माणसाच्या स्वतःच्या हाती येतील, असा तो वायदा होता. आपल्याकडे प्रत्यक्षात सगळा कारभार चालतो मोबाइल नंबरावर, आणि नंबर असतो दुसऱ्याचा. बाईच्या आधारला नवऱ्याचा, म्हातारीच्या आधारला पुण्यात कंपनीत असलेल्या मुलाचा, आणि ज्याचं कुणीच नाही त्याच्या आधारला आपला. ऊसतोडीला गेलेल्या जोडीचा रिचार्ज राहतो, सिम बंद पडतं, काही महिन्यांनी कंपनी तोच नंबर तिसऱ्याला देते. मग वाशीच्या माणसाचा ओटीपी परक्या खिशात वाजतो. ईमेलचं तर विचारूच नका: अख्ख्या गल्लीला एक आयडी, आणि पासवर्ड म्हणजे नावापुढे एक-दोन-तीन.

2025 च्या सप्टेंबरात लाडक्या बहिणींची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा हे सगळं उघडं पडलं. बाईच्या ओटीपीनंतर नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार आणि त्यावरचा ओटीपी मागत होते. विधवेनं काय करायचं, नवऱ्यानं टाकलेलीनं काय करायचं, हे पोर्टलला ठाऊक नव्हतं. शिव्या मात्र आपण खाल्ल्या. त्याच महिन्यात परंडा-भूम भागात पुराचं पाणी घराघरांत शिरलं, कागद भिजले, आणि आपले फोल्डर कामाला आले. हेही मान्य करायला हवं. पण त्यावरचा उपाय डिजिलॉकर आहे, माणसाच्या स्वतःच्या नंबरावर उघडलेला. आपली हार्ड डिस्क नव्हे.

‘आमच्याकडं लपवण्यासारखं काय आहे?’ असं गावात हमखास विचारतात. मला हा प्रश्न पुरुषांचा वाटतो. मावशीनं अंगठा टेकवला की आपण मोठ्यानं सांगतो, ‘मावशी, दीड हजार आलेत बरं का.’ बाकावर दीर बसलेला असतो. दिवस मावळेपर्यंत ते पैसे तिचे राहत नाहीत. झारखंडातून फोन करणाऱ्या भामट्यापेक्षा हा दीर तिला जवळचा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमतानं खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं. तो हक्क तिच्यापर्यंत पोचायचा असेल तर आधी आपला आवाज खाली यायला हवा, आणि स्क्रीन बाकाकडून फिरवायला हवी. ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर खाते क्रमांकांसकट लाभार्थी यादी टाकून ‘आपले नाव पहा’ म्हणणारेही आपल्यातलेच असतात.

पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. 2018 साली तेलंगणातल्या पेद्दापल्ली जिल्ह्यात, म्हणजे आपल्याच जुन्या निजामी मुलखात, एका सिमकार्ड विक्रेत्यानं नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरची खरेदीखतं उतरवली, त्यांवरच्या अंगठ्यांचे रबरी ठसे केले आणि त्या ठशांवर सिम चालू केली. कशासाठी? विक्रीचं टार्गेट पुरं करायला. मोठा गुन्हेगार नव्हता तो; आपल्यासारखाच काउंटरवाला. आपल्याकडच्या एक रुपयातल्या पीकविम्याचं आठवा. अर्जामागे केंद्राला चाळीस रुपये मिळत. राज्यात दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर, चक्क सरकारी जमिनीवर विमे भरले गेले, केंद्रांवर कारवाया झाल्या. चाळीस रुपयांसाठी! दुसऱ्याची ओळख अशी वापरली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66-क कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे, हे किती जणांनी वाचलंय?

2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. त्यातली मुख्य बंधनं दीड वर्षानं लागू होतील. त्या कायद्याचं सार आपल्या धंद्याच्या भाषेत एवढंच: ज्या कामासाठी कागद घेतला त्याच कामाला वापरा, आणि काम झालं की पुसा. अडीचशे कोटींपर्यंतच्या दंडाचा आकडा ऐकून हसू येतं, कबूल. पण गावात आपल्यावरचा भरवसा उडाला तर शटर खाली ओढायला दंडाचीही गरज नाही.

म्हणून ठरावाचा मसुदा तुमच्या पिशवीत ठेवलाय. आधारची प्रत द्यायचीच झाली तर शेवटचे चार आकडे दिसणारी मास्क प्रत चालते तिथं तीच घ्यायची. कुणाच्याही आधारला आपला नंबर जोडायचा नाही, आणि आधी जोडलेले नंबर त्या-त्या माणसाला सांगून बदलून घ्यायचे. आधार केंद्र लांब असेल तर पोस्टमन घरी येऊनही ते करतो. ज्यांना बायोमेट्रिक लॉक करून हवंय त्यांना करून द्यायचं. मात्र पगारीचे पैसे अंगठ्यानं काढणाऱ्या म्हातारीला ते दर वेळी उघडावं लागेल, आणि त्यालाही स्वतःचा नंबर लागेल, हे आधी समजावून सांगायचं. पैसे गेलेच तर 1930 हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत.

ठरावातल्या, फोल्डर तीस दिवसांत पुसायच्या कलमावर कळंबच्या मंडळींचा आक्षेप आलाय. पीकविम्याची तक्रार वर्षभर चालते, तोवर पुरावा कुठून आणायचा, असं त्यांचं म्हणणं. मला ते अर्धं पटतं. पावती आणि अर्ज क्रमांक ठेवूया, आधार आणि पासबुक नको. याहून वेगळी दुरुस्ती कुणाला सुचवायची असेल तर जेवणाआधी लेखी द्या. मतदान दुपारी पहिलंच घेऊ.