‘बोजा नसलेली’ जमीन
(अलास्काच्या खरेदीविषयी शिबिरात केलेली मांडणी)



हा विषय आम्ही शिबिरात दोन बैठकांत मांडला. लावणीच्या धांदलीमुळं बऱ्याच पाड्यांवरच्या लोकांना येता आलं नाही, म्हणून बोललो तसंच इथं उतरवलंय. ज्याला वाचता येतं त्यानं बाकीच्यांना वाचून दाखवावं.

जगाच्या नकाशात अगदी वरच्या कोपऱ्यात अलास्का नावाचा मुलुख आहे. आज तो अमेरिका देशाचा भाग, पण अमेरिकेला चिकटून नाही, मध्ये कॅनडा पडतो. केवढा मोठा? आपल्या महाराष्ट्रासारखी जवळजवळ पाच राज्यं त्यात बसतील. वर उत्तरेला बर्फच बर्फ, पण दक्षिणेच्या किनाऱ्याला उंच झाडांचं दाट जंगल, नद्यांत सॅमन मासा. तिथं अल्यूत, ट्लिंगिट, हैडा, इन्युपियाट, ग्विचिन असे कितीतरी समाज हजारो वर्षांपासून राहतात. ट्लिंगिट लोकांत प्रत्येक कुळाची नदी ठरलेली, मासेमारीची जागा ठरलेली. कुठलं रान कुणाचं हे लहान पोरालाही ठाऊक. फक्त कागद नव्हता.

१७४१ साली रशियाची जहाजं तिथं पोचली. समुद्री पाणमांजराच्या कातड्याला चीनच्या बाजारात मोठा भाव होता, त्यासाठी व्यापारी येऊ लागले. अल्यूत लोक दर्यात होडीतून शिकार करण्यात पटाईत. त्यांची बायकापोरं ओलीस ठेवायची आणि पुरुषांना शिकारीला धाडायचं, असा तो धंदा. रोगराई, उपासमार, मारहाण यांत गावंच्या गावं ओस पडली. १७९९ साली रशियाच्या झारनं, म्हणजे बादशहानं, एका कंपनीला सगळ्या मुलखाचा मक्ता दिला. रशियन-अमेरिकन कंपनी तिचं नाव.

पण ट्लिंगिट लोक तसे वाकले नाहीत. सिट्का इथं कंपनीनं ठाणं बांधलं, ते त्यांनी १८०२ मध्ये जाळून टाकलं. १८०४ ला रशियन तोफांचं जहाज घेऊन परत आले आणि तिथं किल्ला उभा केला. त्यानंतर साठ वर्षं काय चित्र होतं बघा. भोवती लाकडी कोट, कोटाला दरवाजा, तोफांची तोंडं ट्लिंगिटांच्या वस्तीकडं वळवलेली. आणि त्याच दरवाज्यावर रोज ट्लिंगिट बायका मासे, बटाटे विकायला येणार, तेव्हा आतल्या रशियनांची चूल पेटणार! १८४४ च्या कंपनीच्या सनदेतच या लोकांना ‘पूर्णपणे ताब्यात नसलेले’ असं म्हटलेलं आहे. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढं लागेल. अख्ख्या मुलखात रशियन माणसं हजारही नव्हती.

मग रशियानं विकलं का? क्रिमियाच्या लढाईत (१८५३ ते ५६) मार खाल्ला होता, तिजोरी रिकामी. पाणमांजरं मारून मारून संपत आली होती. शेजारी कॅनडात इंग्रज. उद्या लढाई झाली तर इंग्रज फुकटात घेतील, त्यापेक्षा आजच अमेरिकेला विकलेलं बरं, असा हिशेब.

अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री विल्यम सीवर्ड आणि रशियाचा वकील स्ट्योकल, दोघं रात्रभर बसले. ३० मार्च १८६७ ला पहाटे चारच्या सुमाराला सह्या झाल्या. किंमत ७२ लाख डॉलर. एकराला दोन सेंटही पडले नाहीत. सेंट म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग. तरी तिकडच्या वर्तमानपत्रांत टिंगल झाली, सीवर्डनं बर्फाची पेटी विकत घेतली म्हणून.

आता त्या कागदात काय लिहिलंय ते सांगतो, कारण सगळी मेख तिथंच आहे.

किंमत आधी ७० लाख ठरली होती. वरचे दोन लाख कशाचे? अमेरिकेनं म्हटलं, जमिनीवर कुठल्याही कंपनीचा हक्क, सवलत, मक्ता, काही शिल्लक राहता कामा नये, आम्हाला कोरी जमीन पाहिजे. त्या एका कलमासाठी दोन लाख जादा मोजले. आपल्याकडं सातबारावर ‘इतर हक्क’ असा रकाना असतो ना, त्यात बँकेचा, सोसायटीचा बोजा चढवलेला असतो. तो रकाना साफ करून घेण्याचे हे पैसे. कंपनीच्या बोज्याची किंमत झाली दोन लाख डॉलर. आणि तिथं राहणाऱ्या हजारो माणसांचा हक्क? तो त्या रकान्यात धरलाच नव्हता.

माणसांचा उल्लेख आहे, तिसऱ्या कलमात. तिथल्या रहिवाशांनी वाटल्यास तीन वर्षांत रशियात परत जावं, राहायचं तर अमेरिकेचे नागरिक व्हावं. मात्र ‘असंस्कृत जमाती’ सोडून. त्यांच्यासाठी अमेरिका वेळोवेळी जे कायदे करील ते लागू होतील. म्हणजे नागरिक नाही, आणि मालकही नाही. ही नागरिकी मिळायला १९२४ साल उजाडलं. शिबिरात एका आजीनं विचारलं, “मग त्यांना कोण म्हणून धरलं?” आम्हाला तरी याचं उत्तर कागदात सापडलं नाही.

किती माणसं होती त्याचा अंदाज येतो. १८८० साली शिरगणती झाली त्यात ३३ हजारांवर लोक मोजले गेले. त्यात गोरे ४३०.

१८ ऑक्टोबर १८६७ ला सिट्काच्या किल्ल्यावर झेंडे बदलले. रशियाचा झेंडा उतरवताना दोरीला अडकून बसला, शेवटी माणूस वर चढवून तो सोडवावा लागला. ट्लिंगिट लोक खाली खाडीत होड्यांतून हे बघत होते, असं सांगतात. ही तारीख तिथं अजून सरकारी सण म्हणून पाळतात.

लोक गप्प बसले असं समजू नका. ट्लिंगिट मुखियांचं म्हणणं सरकारी अहवालातच लिहून ठेवलेलं आहे. म्हणणं सरळ होतं: देश आमच्या बापजाद्यांचा. रशियनांना आम्ही राहू दिलं, कारण कातड्यांच्या बदल्यात त्यांच्याकडून आम्हाला माल मिळत होता. त्यांना विकायचा हक्क नव्हता, आणि विकलंच असेल तर पैसे आम्हाला द्या. आता ती ‘पूर्णपणे ताब्यात नसलेले’ वाली सनद आठवा. विकणाऱ्यानं स्वतःच लिहून ठेवलं होतं की हे लोक आपल्या ताब्यात नाहीत.

आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट सीवर्डची आहे. मंत्रीपद गेल्यावर १८६९ मध्ये तो अलास्का बघायला आला. टोंगास गावच्या मुखियानं त्याला मेजवानी दिली, भेटी दिल्या. तिथली रीत अशी की घेणाऱ्यानं पुढं परतफेड करायची. सीवर्डनं काही केली नाही. मग त्या लोकांनी त्याचा लाकडी खांब कोरला, नाक-कान लाल रंगवून. अर्थ असा की या माणसानं देणं बुडवलं. खांब जुना झाला तेव्हा तसाच नवा कोरून सॅक्समन गावात उभा केला. देणं अजून फिटलेलं नाही, त्यामुळं खांबही उभा.

अमेरिकेनं आधी फौज ठेवली, मग आरमार. १८८२ मध्ये अँगून गावचा एक भगत एका कंपनीच्या व्हेलच्या बोटीवर अपघातात मेला. गावानं रिवाजाप्रमाणं भरपाई मागितली, २०० घोंगड्या. कंपनीनं आरमाराला बोलावलं. आरमारानं उलट गावालाच ४०० घोंगड्यांचा दंड लावला. तो पुरा भरता आला नाही म्हणून तोफा डागून, आग लावून गाव बेचिराख केलं, होड्या फोडल्या. धुरात गुदमरून सहा पोरं मेली. तोंडावर हिवाळा. भरपाई मिळाली १९७३ साली, ९० हजार डॉलर.

त्यानंतर दोन वर्षांनी, १८८४ मध्ये, एक कायदा आला. त्यात लिहिलं की मूळ लोक ज्या जमिनी वापरतात त्यांवरून त्यांना हलवू नये. वाचायला किती बरं वाटतं! पण पुढचं वाक्य बघा: मालकी कशी द्यायची ते संसद पुढं कधीतरी कायदा करून ठरवील. हे ‘पुढं’ यायला ८७ वर्षं लागली. तोवर मासे डबाबंद करणारे कारखाने आले, सोन्यावाले आले. आणि १९०७ मध्ये दक्षिणेचं रान ‘टोंगास राष्ट्रीय वन’ म्हणून जंगलखात्याकडं गेलं. आपल्याकडं इंग्रजांनी पहिला जंगल कायदा केला तो १८६५ चा, म्हणजे अलास्काच्या खरेदीच्या दोन वर्षं आधीचा. तेव्हा ही हवा नुसत्या एका देशात नव्हती.

१९५१ साली सरकारनं टोंगासमधली झाडं एका खाजगी कंपनीला विकली. रान होतं टी-हिट-टॉन कुळाचं. हे ट्लिंगिटांतलं साठ-सत्तर माणसांचं छोटं कुळ. त्यांनी दावा लावला की आमची झाडं विकली, पैसे द्या. १९५५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, पाच विरुद्ध तीन. कोर्टाचं म्हणणं, तुमचा वहिवाटीचा हक्क संसदेनं कधी मान्य केलेला नाही, म्हणून तो काढून घेतला तरी सरकार पैसे देणं लागत नाही. आणि वर लिहिलं की मूळ लोकांच्या जमिनी जोरावर घेतल्या गेल्या हे तर शाळकरी पोरालाही माहीत आहे. विक्री-बिक्री काही नव्हती, जिंकणाऱ्याची मर्जी होती.

शिबिरात इथं बराच गोंधळ झाला, आणि तो होणारच. टी-हिट-टॉन लोकांशी अमेरिकेनं कधी लढाई केली? केली नाही. करार केला? नाही. त्यांनी तर विकत घेतलं म्हणून सांगितलं होतं. घेताना म्हणायचं खरेदी, आणि पैसे मागायला गेलं की म्हणायचं आम्ही जिंकलं!

पण चारच वर्षांनी दुसऱ्या दाव्यात दुसऱ्या कोर्टानं वेगळं सांगितलं. ट्लिंगिट आणि हैडा समाजांनी १९१२ पासून संघटना बांधली होती, धडपड करून १९३५ मध्ये संसदेकडून दावा लावण्यापुरता खास कायदा करून घेतला होता. त्या दाव्यात १९५९ ला निकाल आला: १८६७ च्या कराराने या लोकांचा जमिनीवरचा हक्क बुडालाच नव्हता. रशियाकडून अमेरिकेला मिळालं ते राज्य करण्याचं नाव. जमीन हातातून गेली ती नंतर, टोंगास वन केलं तेव्हा. जमीन मात्र परत नाही, पैसे. १९६८ मध्ये सुमारे ७५ लाख डॉलर ठरले. अख्खा अलास्का ७२ लाखांना घेतला होता त्याची आठवण ठेवा, आणि शंभर वर्षांत पैशाची किंमत किती पडते तेही.

त्याच १९६८ साली उत्तरेच्या किनाऱ्याला, प्रुडो बे इथं, प्रचंड तेल सापडलं. आता तेलाची पाइपलाइन टाकायची तर जमीन कुणाची हे आधी ठरलं पाहिजे. तोवर सगळ्या समाजांनी १९६६ मध्ये एकत्र येऊन महासंघ केला होता, दावे जवळजवळ सगळ्या अलास्कावर लावले होते. शंभर वर्षं कुणाला घाई नव्हती. तेलवाल्यांना घाई झाली तशी संसदही जागी झाली. १८ डिसेंबर १९७१ ला कायदा पास. ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर.

आकडे ऐकून शिबिरात टाळ्या पडल्या. मग आम्ही पुढचं वाचलं. अलास्का साडेसदतीस कोटी एकरांचा, त्यातला हा आठवा भागही नाही. उरलेल्यावरचा हक्क कायमचा संपला, शिकारीचा आणि मासेमारीचा वहिवाटी हक्कसुद्धा. आणि जमीन गावाला नाही दिली, समाजालाही नाही. कंपन्या काढायला लावल्या आणि जमीन कंपन्यांच्या नावावर केली. वरची माती गावच्या कंपनीची, खालचं तेल-खनिज विभागाच्या कंपनीची. माणसं झाली शेअरवाली, प्रत्येकी १०० शेअर. त्या तारखेपर्यंत जन्मलेल्यांनाच. १९ डिसेंबरला जन्मलेल्या पोराच्या नावावर काहीच नाही.

वीस वर्षांनी, १९९१ नंतर, हे शेअर कुणालाही विकता येतील असंही त्यात होतं. म्हणजे ज्याच्याकडं पैसा तो गाव विकत घेणार. यावर गावोगाव बैठका झाल्या, आरडाओरडा झाला, तेव्हा १९८८ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला आणि विक्रीवरची बंदी पुढं चालू राहिली. काही किनाऱ्यांवर मात्र गावच्याच कंपन्यांनी नफा दाखवायसाठी आपलंच जंगल तोडलं. त्यावर आम्ही काय बोलणार, कंपनी म्हटली की तिला नफा दाखवावाच लागतो.

कायद्यात एक बारीक फट होती. ज्या गावांसाठी आधीपासून राखीव जमीन होती, त्यांनी पैसे आणि विभागाच्या कंपनीतला हिस्सा सोडला तर ती सगळी जमीन, खालच्या खनिजासकट, घेता येत होती. उत्तरेकडं ग्विचिन समाजाची दोन गावं आहेत, व्हेनेटी आणि आर्क्टिक व्हिलेज. त्यांनी पैसे नको म्हटलं. १८ लाख एकर जमीन घेतली. कायद्याप्रमाणं आधी ती त्यांच्या दोन गाव-कंपन्यांच्या नावावर झाली. १९७९ मध्ये त्या कंपन्यांनी एक पैसा न घेता ती जमातीच्या पंचायतीच्या नावावर करून दिली, आणि नंतर कंपन्या बंद केल्या. तिथं १९ डिसेंबरला जन्मलेलं पोरही त्या जमिनीत बाकीच्यांइतकंच धरतात.