दीड तासाचं अंतर



नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजायला भूगोलाच्या बाईंनी शिकवलं. (बाई, दोरा बरोबर होता!) बंगळूर-पुणे तसं मोजलं तर साधारण ७२० किलोमीटर; विमानाला दीड तास. नोकरी लागल्यापासून आईला हेच सांगायचे, "दीड तासावर तर आहे मी." बाबा गेले त्या दिवशी खरं मोजलं. घरापासून देवनहळ्ळीचा विमानतळ दोन तास, तिथं ताटकळणं दोन, विमान दीड, बॅग येईपर्यंत अर्धा, लोहगाव ते सातारा तीन. नऊ तास. पोचले तेव्हा सगळे माझ्यासाठीच थांबले होते. आई काहीच बोलली नाही. आता सकाळी निघतेय म्हटलं, की ती कुकर संध्याकाळीच लावते.