बॉनेटवरचा चंदेरी डाग

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी नांदेड-लातुरात एखाद्या गाडीच्या बॉनेटवर चंदेरी ऑइल पेंटचा पंजा उमटलेला दिसतो. मालक थिनर आणि तारेची घासणी घेऊन धावतो.

तिथंच घोटाळा होतो. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ. घासणी तो ओरबाडते, थिनर मऊ करतो. गॅरेजात पुन्हा रंगवलेला भाग असेल, तर मूळ रंगच फडक्याला लागतो.

आधी फोटो काढावेत. विम्याच्या दाव्याला आणि पोलीस तक्रारीला ते लागतात. खोडसाळ नुकसानीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३२४ आहे.

मग गाडी सावलीत घ्यावी, पत्रा गार होऊ द्यावा. मऊ फडक्यावर थोडं रॉकेल घेऊन दाराच्या आतल्या कडेला चाचणी करावी आणि डाग न घासता टिपत जावा. वाळलेल्या ठिपक्यांवर शॅम्पूचं पाणी शिंपडून क्ले बार, म्हणजे मातीसारखी मऊ वडी, फिरवतात. अंड्याचा डाग कोमट पाण्याने भिजवावा. कडकडीत पाण्याने तो शिजून चिकटतो.

धुवायला पाइप कशाला? या भागात पाणी जपूनच वापरावं: २०१६च्या एप्रिलमध्ये दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. दोन बादल्या पुरतात: एक शॅम्पूची, दुसरी फडकं खळबळायला. शेवटी मेणाचा पातळ हात.