केबलची तार आणि घरचें इंटरनेट

केबलचें इंटरनेट घेऊं पाहणारास वेगाचे आंकडे पुष्कळ ऐकविले जातात. त्यावर विसंबावें किती, हें मात्र कोणी सांगत नाहीं. केबल ही मुळांत दूरचित्रवाणीची. १९४८ च्या सुमारास पेनसिल्व्हानियाच्या डोंगरांत, जेथें घरची एरियल निरुपयोगी ठरे, तेथें ती पसरूं लागली. चित्रें घराकडे यावयाचीं. घरून कांहीं उलट धाडावें, ही कल्पनाच त्या मांडणींत नव्हती. १९९७ सालीं डॉक्सिस नांवाची नियमावली निघाली, तरी परतीची वाट अरुंदच राहिली. शिवाय ती सगळ्या आळीची सामाईक! एका घरचा सैल जोड बाहेरची खरखर आंत घेतो, आणि ताप शेजाऱ्यांना. रस्त्यावरील वर्धकाची वीज गेली, कीं घरीं दिवे असूनहि संपर्क तुटतो. टेलिफोनच्या तारेप्रमाणें अंतरासरशी वेग झपाट्यानें घटत नाहीं, हा तिचा गुण खराच. चित्रपट पाहणारास ती पुरेशी आहे. परंतु ज्याची शिकवणी किंवा रुग्णतपासणी पडद्यावरून चालते, त्यानें पैसे भरण्यापूर्वीं रात्रीं नवाच्या सुमारास त्याच तारेवरील शेजाऱ्याकडे जावें व तेथून कोणाशीं तरी समोरासमोर बोलून पाहावें. आपलें बोलणें पलीकडे तुटक पोंचत असेल, तर प्रकाशतंतूची चौकशी करावी.