पाण्याने भरलेला होज आणि त्याचे वजन

आज अग्निशमन अभियांत्रिकीची पदवी स्वीकारणारे स्नातक थोड्याच वर्षांत महानगरपालिका, विमानतळ, बंदरे आणि तेलशुद्धीकरण कारखाने यांच्या अग्निशमन केंद्रांची सूत्रे हाती घेतील, आणि त्या केंद्रांच्या कवायतीच्या मैदानावर कोणाला पाऊल ठेवता यावे हे बव्हंशी त्यांच्याच शब्दावर ठरेल. म्हणूनच या सेवेत स्त्रियांची संख्या इतकी तोकडी का राहिली, या प्रश्नाचा विचार त्यांनी पदभार स्वीकारण्यापूर्वीच करणे अगत्याचे आहे.

हे काम स्त्रियांच्या ताकदीबाहेरचे आहे, असा समज बहुधा त्या कामाला कधी हात न लावलेल्यांचा असतो आणि तो मुलींच्या मनातही तितकाच घट्ट रुतलेला असतो. प्रत्यक्ष काम मात्र निराळेच काही सांगते. 63 मिलिमीटर व्यासाच्या आणि 15 मीटर लांबीच्या होजमध्ये, म्हणजे बंबापासून आगीपर्यंत पाणी नेणाऱ्या कापडी नळीत, सुमारे 47 लिटर पाणी मावते. याचा अर्थ भरलेल्या एका लांबीत केवळ पाण्याचेच वजन 47 किलो होते आणि असे दोनतीन होज जोडले की कोणताही पुरुष ते एकट्याने उचलू शकत नाही. म्हणून होज आधी कोरडा अंथरला जातो, वळणे सैल ठेवली जातात आणि मगच पाणी सोडले जाते. होजच्या टोकाला बसवलेल्या तोटीला या सेवेत ब्रँच म्हणतात; तिच्यातून पाणी वेगाने पुढे फेकले जाताना तितक्याच जोराचा धक्का मागे बसतो. तो धक्का दंडाच्या बळावर नव्हे, तर पुढचा पाय गुडघ्यात वाकवून, शरीराचा भार पुढे झुकवून आणि मागच्या सहकाऱ्याच्या आधाराने पेलायचा असतो. बळ लागतेच, ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु ते सरावाने कमावता येते आणि रीत कळल्यावाचून नुसते बळ या कामी फारसे उपयोगी पडत नाही.

श्वसनसंचाचीही गोष्ट अशीच आहे. धुरात शिरताना पाठीवर घेतल्या जाणाऱ्या, दाबाखाली हवा भरलेल्या या संचाची सहा लिटरची टाकी 300 बार दाबाला भरली असता तिच्यात साधारण 1800 लिटर हवा साठते. मिनिटाला 40 लिटर हवा लागते असे धरले, तर हिशेबाने ती 45 मिनिटे पुरावी. घाबरलेला माणूस हीच हवा फार लवकर संपवतो, आणि श्वासावर ताबा ठेवणारा अधिक वेळ शोध घेऊ शकतो. अंधाऱ्या खोलीत भिंतीचा स्पर्श न सोडता, पुढचे पाऊल चाचपत, छताशी साठलेल्या उष्ण धुराच्या थराखालून वाकून सरकणे हे सर्वस्वी संयमाचे काम आहे.

ताकदीची परीक्षा कशी असावी, यावर न्यूयॉर्क शहरात झालेला वाद या दृष्टीने मननीय आहे. तेथील अग्निशमन दलाची परीक्षा स्त्रियांना 1977 मध्ये प्रथम खुली झाली, परंतु पुढच्या वर्षीच्या शारीरिक चाचणीत त्या सर्वच अनुत्तीर्ण ठरल्या. त्यांपैकीच एक असलेल्या ब्रेंडा बर्कमन यांनी न्यायालयात दाद मागितली आणि ती चाचणी प्रत्यक्ष कामाशी सुसंगत असल्याचे दलाला सिद्ध करता आले नाही. नव्याने घेतलेल्या चाचणीनंतर 1982 मध्ये सुमारे 40 स्त्रिया दलात दाखल झाल्या. बर्कमन पुढे कॅप्टन पदापर्यंत पोहोचल्या. येथे कसोटी सैल करण्याचा प्रश्न नव्हता. जे काम करायचे त्याचीच कसोटी घ्यावी, एवढीच मागणी होती आणि ती पूर्णपणे न्याय्य होती.

महाराष्ट्राला तर या इतिहासासाठी दूर जाण्याची गरज नाही. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात हर्षिनी कान्हेकर यांनी 2002 मध्ये प्रवेश घेतला, तेव्हा त्या तेथील पहिल्या विद्यार्थिनी होत्या. पुढे त्यांनी तेल व नैसर्गिक वायू महामंडळात अग्निशमन अधिकारी म्हणून काम केले. विमानतळांच्या अग्निशमन सेवेत पहिली स्त्री येण्यास मात्र 2018 साल उजाडावे लागले. वाट एकीने काढली म्हणून ती रुळत नाही. मागून येणाऱ्यांना ती दिसावी लागते.

ती दाखवण्याचा सर्वांत सोपा उपाय केंद्रप्रमुखाच्या हातात आहे. मुंबई बंदरातील 14 एप्रिल 1944 च्या स्फोटात बळी पडलेल्या अग्निशामकांच्या स्मरणार्थ दरवर्षी 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो आणि त्या काळात प्रात्यक्षिके होतात. परंतु प्रेक्षक दोरीपलीकडे उभे राहतात आणि टाळ्या वाजवून घरी परततात. त्या सप्ताहातील एक दिवस दहावीपुढच्या मुलींसाठी राखून ठेवता येईल. प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली त्यांनी होज अंथरावा, कमी दाबावर ब्रँच धरावी, चार फूट उंचीला भिंतीपासून एक फूट अंतर या प्रमाणात शिडी टेकवून तिच्यावर चढावे आणि मुखवट्यावर काळे कापड बांधून रिकाम्या खोलीतून पुतळा बाहेर ओढून आणावा. काही मुलींना बंद जागेची धास्ती वाटेल आणि हे आपले क्षेत्र नव्हे असे त्या ठरवतील. तो निर्णयही अनुभवातून आलेला असल्यामुळे मोलाचाच आहे.

मात्र त्या दिवसाची तयारी साहित्याच्या कोठारापासून व्हावी लागेल. पुरुषांच्या मापाचे हातमोजे लहान हातात सैल बसतात आणि पकड सुटते, मोठे बूट शिडीच्या पायरीवर अडखळतात, आणि चेहऱ्याला घट्ट न बसणाऱ्या मुखवट्याच्या कडेतून धूर आत शिरू शकतो. मग दोष साहित्याचा असूनही शेरा मुलीच्या नावावर पडतो. केंद्रात स्त्रियांसाठी कपडे बदलण्याची खोली, रात्रपाळीत विश्रांतीची जागा आणि स्वच्छतागृह नसेल, तर भरती झालेलीही टिकणार नाही. आज पदवी घेणाऱ्यांनी आपल्या पहिल्या वार्षिक खरेदीच्या मागणीपत्रात लहान मापांचे बूट, हातमोजे व मुखवटे, आणि पहिल्या अंदाजपत्रकात त्या खोलीची तरतूद नमूद करावी.