पाच अक्षरांची इंग्रजी

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत. पार्किंग आणि गळती हे दोन विषय सोडून काहीही बोला, असं बजावलंही आहे. म्हणून एका खेळाबद्दल बोलतो.

सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी हिरवे-पिवळे चौकोन येतात. तो वर्डल नावाचा खेळ. पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. अक्षर बरोबर जागी बसलं तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, शब्दात नसलंच तर करडं. मुलं खेळतात, त्यांचे आई-वडील खेळतात. आजी-आजोबा मात्र "आमचं बाबा मराठी मीडियम" म्हणत लांबून बघतात. आजचं बोलणं खास त्यांच्यासाठी.

मंडळी, या खेळात उच्चार लागत नाही, फाडफाड बोलावं लागत नाही. लागतं ते स्पेलिंग. आपल्यातले काही जण आठवीपासून इंग्रजी शिकले, बरेच जण पाचवीपासून. स्पेलिंगं घोकून घोकून पाठ केली. नातवंडांचं स्पेलिंग मोबाईल दुरुस्त करतो. आपलं डोक्यात आहे.

मराठी शब्दकोडं तर आपण वर्षानुवर्षं सोडवतोय. त्यात काना-मात्रा, जोडाक्षर सगळं एकाच चौकोनात मावतं. 'स्वातंत्र्य' लिहायला तीन चौकोन पुरतात. इंग्रजीत 'फ्रीडम'ला सात लागतात, कारण तिथे प्रत्येक अक्षराला स्वतंत्र खोली! पण अक्षरं एकूण २६च, आणि त्यांच्या सवयी ठरलेल्या. त्या सवयी कळल्या की शब्द सापडतो.

पहिली सवय स्वरांची. ए, ई, आय, ओ, यू यांच्यापैकी एखादा तरी शब्दात बहुतेक असतोच. नसेल तर वाय त्याचं काम करतो, जसा 'जिप्सी'मध्ये किंवा 'निम्फ'मध्ये. म्हणून पहिल्या प्रयत्नात दोन-तीन स्वर तपासून घ्यावेत.

दुसरी सवय जोड्यांची. क्यू आला की मागोमाग यू येतो. शेवटी एच असेल तर त्याच्या आधी बहुधा सी, एस, टी किंवा जी असतो.

तिसरी सवय जागेची. व्ही हे अक्षर इंग्रजी शब्दाच्या शेवटी सहसा उभं राहत नाही. म्हणून 'गिव्ह', 'हॅव', 'लव्ह' यांच्या शेवटी मुका ई लावलेला असतो.

आता करून बघू. पाच अक्षरं, त्यात ए, आर आणि टी आहेत. 'वॉटर', 'ग्रेट', 'पार्टी', 'ट्रेन'... खूप निघतील. आता सांगितलं की शेवटी एच आहे. यादी एकदम आटली. पृथ्वीचा 'अर्थ', रागाचा 'रॅथ', कचऱ्याचा 'ट्रॅश' असे मोजकेच उरतात. गंमत म्हणजे पृथ्वीच्या स्पेलिंगमधला शेवटचा एच उचलून पुढे ठेवला की 'हार्ट' होतं, म्हणजे हृदय.

कोणतं अक्षर किती वेळा येतं, हे एका माणसाने मोजून पाहिलं होतं. आल्फ्रेड बट्स नावाचे अमेरिकन आर्किटेक्ट मंदीच्या काळात बेकार झाले, तेव्हा वर्तमानपत्राच्या पानावरची अक्षरं मोजत बसले. त्यातून पुढे स्क्रॅबल तयार झालं. त्याचं हे नाव १९४८ सालचं. त्यातल्या १०० सोंगट्यांपैकी ई १२ वेळा आहे, ए आणि आय ९-९ वेळा, आणि क्यू, झेड, जे, एक्स फक्त एकेकदा. क्यू आणि झेडला प्रत्येकी १० गुण, ईला एक. जे दुर्मिळ ते महाग, हे भाजीबाजाराचंच गणित!

वर्डलची गोष्ट अशीच घरगुती. जॉश वार्डल यांनी तो आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी बनवला. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द सुमारे १२,००० निघाले. त्यातले ओळखीचे तेवढे पलकने निवडले, ते २,५००च्या आसपास भरले. म्हणजे कोडं घालणारा डिक्शनरीतला कोपऱ्यातला शब्द काढून तुम्हाला पकडायला बसलेला नाही.

आणि इंग्रजीचे नियम जिथे मोडतात, तिथे कोण भेटतं? आपलेच शब्द! जेने संपणारे शब्द इंग्रजीत शोधून सापडत नाहीत. जे थोडे आहेत त्यांत 'राज' आहे, 'ताज' आहे, सहा अक्षरी 'स्वराज' आहे. 'धोती', 'पैसा', 'रायता' हे तर पाच अक्षरी. ज्या भाषेला आपण बिचकतो, तिच्या कोशात आपलं स्वयंपाकघर आधीच जाऊन बसलंय.

हे सगळं सांगण्याचं कारण वेगळं आहे. पंचवीस वर्षांपूर्वी या अंगणात तीनचाकी सायकल फिरवणारी आपली मुलं आज बंगळूरला, लंडनला, अमेरिकेत आहेत. फोन येतो. "जेवलास का?" "हो." "तब्येत?" "बरी." पुढे दोन्हीकडे शांतता. त्या तारखेचा शब्द मात्र जगभर एकच असतो. "आई, तुला कितव्या प्रयत्नात आलं?" या एका प्रश्नावर बोलणं पाच मिनिटं तरी पुढे जातं. आणि एखाद्या दिवशी आईला तिसऱ्यात आलं, मुलाला पाचव्यात, तर त्या दिवशी घरात काय रुबाब असतो, ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना विचारा.

म्हणून कमिटीला एकच विनंती. लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर थकबाकीदारांच्या यादीखाली चार बोटं जागा द्या. दर रविवारी तिथे एक कोडं लावू. अट एवढीच, की प्रत्येक जोडीत एक जण साठीच्या पुढचा आणि एक पंधराच्या आतला हवा.

पहिलं कोडं आत्ताच घ्या. पाच अक्षरं. क्यू आहे, पण यू नाही. या माणसाने सगळ्या धनदौलतीवर पाणी सोडलंय. एरवी त्याला के घालून लिहितात, पण क्यू घालूनही तो कोशात आहे.

उत्तर मी सांगणार नाही. घरी जाऊन नातवाला विचारा. त्याला आलं नाही, तर तुम्ही सांगा.